सोळा मात्रांचा लूप सतराव्या मात्रेवर बंद होतो

लूपर हे पायाने चालवायचं छोटं यंत्र, एक पेडल. एकदा दाबलं की ते तुमचा आवाज नोंदवून घेतं, दुसऱ्यांदा दाबलं की तेवढाच तुकडा, म्हणजे लूप, पुन्हा पुन्हा वाजवत राहतं, आणि त्यावर तुम्ही थरावर थर चढवत जाता. एकटा माणूस भर मंचावर पाच-सहा जणांचं गाणं उभं करतो ते असं. मी ख्याल गाणारी, पुण्यात गाणं शिकवणारी. लूपिंग मी एका गिटारवादकाकडे शिकले आणि आता माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. रागसंगीताच्या वाटेने लूपिंगकडे येणाऱ्या माणसाला नेमकं काय अडतं, काय आयतं हाताशी असतं, हे मी शिकत होते तेव्हा मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

माझे शिक्षक वयाने माझ्याहून बरेच लहान. ते मला ताई म्हणत आणि मी त्यांना सर, कारण शिकवणाऱ्याला नावाने हाक मारणं माझ्याच्याने होत नाही. पहिल्या शिकवणीत त्यांनी पेडलची केबलसुद्धा जोडली नाही. ‘ताई, पेडल बंदच राहू दे. तुम्ही काहीतरी गा आणि जिथे तुकडा संपतो तिथे नुसता पाय टेका.’ मी भूप रागातली, सोळा मात्रांच्या तीनतालातली मध्यलयीतली एक बंदिश घेतली आणि सोळावी मात्रा पुरी होताना पाय टेकला. सर म्हणाले, ‘अजून नाही.’ त्यांचं म्हणणं होतं की पुढच्या आवर्तनाची, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीची, पहिली मात्रा ज्या क्षणी पडते, त्याच क्षणी पाय पडायला हवा. सोळा मात्रांचा लूप सतराव्या मात्रेवर बंद होतो.

हे ऐकलं आणि मला फार बरं वाटलं, कारण ही गोष्ट आमच्याकडे लहानपणीच अंगात मुरवतात. तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तोच तुकडा, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, संपते, आणि ती सम येणाऱ्या आवर्तनाची असते. जाणारं आवर्तन समेवरच पुरं होतं आणि येणारं तिथूनच सुरू होतं. गिटार शिकणाऱ्या मुलांना हे समजावताना आपल्याला किती वेळ द्यावा लागतो, ते सर सांगत होते. चार मोजून झाले की मुलं पाय टेकून मोकळी होतात, आणि लूप तेवढाच आखूड पडतो. तालात वाढलेल्या माणसाला तो प्रश्न नसतो. आपल्याला प्रश्न येतो पायाचा. गाणाऱ्याची सम गळ्यात असते, हातात असते, मानेत असते. पायात नसते. आवाज समेवर पोचतो आणि पाय त्याच्या मागून येतो. तीनताल मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत धरला तर आवर्तन आठ सेकंदांचं आणि एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्यात पाय मात्रेचा दहावा भाग, म्हणजे १/२० सेकंद, मागे राहिला तरी दर आठ सेकंदांनी लूप लंगडतो, आणि एकदा लंगडेपणा कानाला कळला की दुसरं काही ऐकू येत नाही.

यावर सरांनी दिलेला रियाज साधा होता आणि तो मी आजही करते, करूनही घेते. ॲपवर ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले तबल्याचे बोल, लावायचा, समेला उजवा पाय टेकायचा, बाकी कुठेही नाही. पाचव्या आणि तेराव्या मात्रेची टाळी हाताने द्यायची, नवव्या मात्रेची खाली, म्हणजे टाळीविना जाणारी जागा, हाताने दाखवायची. तोंडाने प्रथम काही म्हणायचं नाही, मग आकार लावायचा, मग बंदिश, आणि शेवटी ताना. तान समेवर आणताना सगळा जीव गळ्यात गोळा झालेला असतो, तेव्हा पाय सुटा ठेवणं फार अवघड. हे साधायला मला पुष्कळ वेळ लागला, आणि ते साधेपर्यंत सरांनी पेडलला वीज लावली नाही. त्यांचा हा हट्ट मला पूर्ण मान्य आहे.

पेडल सुरू झाल्यावर पहिली खरी गाठ पडली ती मुखड्याशी, म्हणजे समेकडे नेणाऱ्या बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याशी. तीनतालातल्या कितीतरी बंदिशींचा मुखडा खालीपासून, नवव्या मात्रेपासून, उठतो. गाणं सुरू होतं नवव्या मात्रेला, आणि लूप सुरू व्हायला हवा समेपासून. नवव्या मात्रेला पेडल दाबलं तरी सोळा मात्रांचा तुकडा मिळतो, नाही असं नाही. पण मग यंत्राची सुरुवात खालीवर बसते, पेडल नंतर थांबवून पुन्हा सुरू केलं की ते खालीपासून वाजायला लागतं, आणि सम दाखवणारा पाय दर वेळी भलतीकडे पडतो. शेवटी आम्ही ठरवलं ते असं. पहिला मुखडा नोंदवायचाच नाही, तो नुसता गायचा. समेवर पेडल दाबायचं, बंदिशीची ओळ आठव्या मात्रेपर्यंत न्यायची, नवव्यापासून मुखडा पुन्हा घ्यायचा आणि समेवर लूप बंद करायचा. मुखडा लूपच्या उत्तरार्धात जाऊन बसतो आणि प्रत्येक आवर्तन आपसूक समेवर येऊन पडतं. सरांच्या गाण्यांतही पहिल्या मात्रेच्या आधी उठणाऱ्या ओळी असतात. पण त्यांच्या लूपची सुरुवात सहसा गिटारच्या ठोक्यांनी व्हायची, त्यामुळे आवाजाने असा लूप बांधण्याची त्यांच्यावर वेळच आली नव्हती. पुढे त्यांनी ही रीत त्यांच्या इतर विद्यार्थ्यांनाही दाखवली.

दुसरी गाठ सांध्याची. समेवर लावलेला षड्ज समेवर पाय पडल्याबरोबर तुटत नाही, तो पुढच्या मात्रेत रेंगाळतो. पेडल मात्र समेवर नोंद थांबवतं आणि सुरुवातीपासून वाजवायला लागतं. परिणामी दर आवर्तनाला स्वराचं शेपूट कापलं जातं आणि तिथे खटकतं. गिटारच्या तुटक ठोक्यांत हे लपून जातं, आकारात आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेत लपत नाही. यावर उपाय पेडलमध्येच आहे, फक्त तो मागून घ्यावा लागतो. काही पेडलांवर दुसऱ्या दाबाला लूप नुसता वाजायला लागतो, काहींवर दुसऱ्या दाबालाच पुढचा थर चढायला सुरुवात होते. बऱ्याच पेडलांत हा क्रम बदलता येतो. गाणाऱ्याने तो दुसऱ्या प्रकारचा ठेवावा. म्हणजे समेवर लूप बंद झाला तरी नोंद चालू राहते, रेंगाळणारा स्वर लूपच्या सुरुवातीवर जाऊन बसतो, आणि पुढच्या फेरीला सांधा ऐकू येत नाही. स्वर संपला की तिसऱ्यांदा दाबून नोंद थांबवायची. दुकानात विकणारे बहुधा गिटारवाले असतात आणि त्यांना याची गरज पडत नाही, म्हणून ते आपणहून सांगत नाहीत. विचारून घ्या.

तंबोरा लूपमध्ये घालू नका. मी घालून पाहिला होता, कारण कल्पना मोहक वाटते: चार तारा एकदा छेडल्या की कायमची सोय. पण तंबोऱ्याची तार एक लांब घुमारा देत विरते आणि त्या विरण्यातच पुढची तार मिसळते. लूप तो घुमारा मधेच कापतो, आणि दर आठ सेकंदांनी तंबोरा दचकल्यासारखा होतो. शिवाय तंबोरा तालाच्या बाहेर असतो, आणि त्याचं सौंदर्यही बरंचसं तिथेच आहे. तो सुटा वाजू द्यावा, हाताने नाहीतर ॲपवर, आणि वेगळ्या वाटेने स्पीकरला जोडावा. त्याचा आवाज माईकमध्ये शिरू देऊ नये. एकंदरीतच मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, माईकच्या समोर ठेवला तर वाजणारा लूप माईकमधून परत आत शिरतो आणि प्रत्येक थरासोबत मागचे सगळे थर पुन्हा एकदा नोंदले जातात. तीन-चार थरांत चिखल होतो. त्यामुळे कानात हेडफोन असलेला बरा. बहुतेक लहान पेडलांना गिटारची केबल लागते, माईकची थेट जोडता येत नाही. मधे प्रीॲम्प, म्हणजे माईकचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र, किंवा छोटा मिक्सर घ्यावा लागतो. हा खर्च आधीच धरून चाला.

सर ऐकायला खूप काही देत. त्यात टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचं नाव आलं. १९६३ मध्ये पॅरिसमध्ये ट्रंपेटवादक चेट बेकर यांच्या वादनावर काम करताना त्यांनी दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवले. पहिला नोंदवायचा, फीत तशीच पुढे दुसऱ्यावर जायची, दुसरा ती वाजवायचा आणि तो आवाज परत पहिल्यात जायचा. दोन यंत्रांमधलं अंतर आणि फितीचा वेग यावर पुनरावृत्ती ठरायची. सेकंदाला १९ सेंटिमीटर या वेगाने फीत चालली आणि मधलं अंतर ९५ सेंटिमीटर असलं, तर आवाज पाच सेकंदांनी परत येतो. १९७३ च्या सुमाराला ब्रायन ईनो आणि रॉबर्ट फ्रिप या ब्रिटिश संगीतकारांनी हीच रचना गिटारसाठी वापरली. आज माझ्या पायाखाली आहे ते या साऱ्याचं आटोपशीर रूप.

रायलींबद्दल शोधायला लागल्यावर मला कळलं की १९७० पासून ते पंडित प्राणनाथांचे शिष्य होते आणि १९९६ साली पंडितजी जाईपर्यंत त्यांनी त्यांच्याकडे गाणं शिकलं, तबल्यावर आणि तंबोऱ्यावर त्यांची साथ केली. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे किराणा घराण्याचे. माझी तालीमही किराण्याचीच, मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या परंपरेतली. लूपिंगकडे वळले तेव्हा आपण घर सोडून कुठेतरी जातो आहोत असं मनात होतं, आणि घरातल्या काहींनी ते बोलूनही दाखवलं होतं. टेपच्या पुनरावृत्तीत इतकं मोठं काम केलेला माणूस एकेका स्वराचा लगाव शिकण्यासाठी इतकी वर्षं किराण्याच्या गुरूपुढे बसतो, हे वाचल्यावर तो सल गेला.

टेपच्या त्या रचनेतली एक गोष्ट मी शिकवताना नेहमी सांगते. तिथे जुना थर प्रत्येक फेरीला थोडा क्षीण होत जायचा आणि हळूहळू नाहीसा व्हायचा, नव्याला आपोआप जागा मिळायची. १९९० च्या दशकातल्या एकोप्लेक्स डिजिटल प्रो या यंत्रावर हा क्षय किती ठेवायचा ते ठरवता येत असे. आताच्या बऱ्याच लहान पेडलांत तो नाही. पहिला थर शेवटपर्यंत तितक्याच जोरात वाजत राहतो. एका बटणाच्या पेडलवर फार तर शेवटचा थर काढून टाकता येतो, मधला नाही. त्यामुळे काय घालायचं हे ठरवण्याआधी काय घालायचं नाही हे ठरवावं लागतं.

आणि याचं उत्तर मला तबल्यात सापडलं. तीनतालाचा ठेका म्हणून पाहा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताखालच्या तबल्याची, गुंज नाहीशी होते. ठेक्याने तिथे मुद्दाम जागा सोडलेली आहे. त्या मोकळ्या जागेमुळेच डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही आपण आवर्तनात कुठे आहोत ते कळतं. खर्जातला, म्हणजे अगदी खालच्या स्वरांतला, थर लावताना मी हेच करते. षड्ज-पंचमाचा खालचा आधार सम ते नऊ, मग चार मात्रा काही नाही, मग चौदाव्यापासून परत. तराण्याच्या बोलांचा थर असेल तर तो खर्ज नसेल तिथे दाट आणि इतरत्र विरळ. असा लूप कितीही वेळ चालला तरी कंटाळा येत नाही, कारण त्याला चेहरा असतो. सोळाच्या सोळा मात्रा भरून टाकलेला लूप दुसऱ्या मिनिटाला नकोसा होतो. हे सरांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी मलाच ठेका शिकवायला सांगितलं. त्या दिवसापासून आमची शिकवणी दुतर्फा चालते.

३० जानेवारी २०२५ ला ब्रिटिश गायक एड शीरन यांचा कार्यक्रम पुण्यात यश लॉन्सला झाला. हा माणूस मोठ्या मंचावर एकटा उभा राहून लूपरवर सगळं गाणं रचतो. त्यानंतर माझ्याकडे गाणं शिकणारी मुलं विचारायला लागली, ‘ताई, आम्हालाही ते शिकवा ना.’ शिकवायला लागल्यावर मी सरांचीच रीत धरली आणि पेडल लांब ठेवलं. मुलांना गोल बसवते. एकीने सोळा मात्रांचा लेहरा, म्हणजे दर आवर्तनाला परत येणारी तीच ओळ, आकारात धरायचा, दुसऱ्याने खर्ज, तिसरीने बोल, आणि एक जण मधे मोकळा गाणार. धरलेली ओळ कुणी बदलायची नाही, सजवायची नाही, लय वाढवायची नाही. अमेरिकन गायक बॉबी मॅकफेरिन त्यांच्या कार्यशाळांत लोकांना असंच गोल करून गायला लावतात. आपल्याकडे कीर्तनात टाळकरी धृपद धरून उभे असतात तेही याच जातीचं काम आहे. तबल्याच्या एकल वादनाला तर लेहऱ्याचाच आधार असतो. एकच ओळ तासभर न हलता धरणाऱ्या हार्मोनियमवादकाचं मोल मला या वर्गात बसून नव्याने कळलं. मुलांनाही कळतं. लेहरा धरणाऱ्या मुलीला पहिल्यांदा वाटतं, आपल्याला काहीच काम नाही. दहा मिनिटांनी तिला मधे गाणाऱ्याची प्रत्येक घसरण ऐकू यायला लागते.

वर्गात मी पहिला राग भूप घेते, नाहीतर दुर्गा. दोन्हींत पाचच स्वर आहेत आणि कुठलेही दोन स्वर अर्ध्या स्वराइतके लगत येत नाहीत. त्यामुळे कोणताही स्वर कोणत्याही स्वरावर रेंगाळला तरी कानाला टोचत नाही. तोडीत कोमल रिषभ आणि षड्ज एकाच वेळी धरून पाहा. एकामागून एक येताना जे अपार सुंदर आहे ते एकावर एक ठेवलं की करकरतं. मारव्याचंही तेच. दरबारीतला आंदोलित गंधार लूपमध्ये घातला तर तेच आंदोलन जसंच्या तसं परत परत येतं आणि त्यातला प्राण निघून जातो. म्हणून माझा पक्का नियम आहे: रागाचा विस्तार कधी नोंदवायचा नाही. धरायचं ते लेहरा, खर्ज, बोल, अभंगाचं धृपद, एखादी धून. आलाप आणि ताना त्याच क्षणी गळ्यातून निघायला हव्यात. काही विद्यार्थी यावर वाद घालतात, घालू देत. मी या बाबतीत हटत नाही.

विलंबित ख्यालालाही मी लूप लावत नाही. मिनिटाला बारा मात्रांच्या लयीत एकतालाचं एक आवर्तन पूर्ण मिनिटाचं होतं. पेडलमध्ये ते सहज मावतं, जागेचा प्रश्न नाही. प्रश्न असा की विलंबितात तबलजी आणि गायक एकमेकांच्या श्वासाने चालतात, एखादी मात्रा किंचित सैल सुटते, पुढची सावरून घेतली जाते. यंत्र ऐकत नाही. त्याच्या सोबतीने गायचं तर ऐकण्याचं सगळं काम एकट्या गाणाऱ्यावर येतं. मध्यलयीत ते ओझं पेलतं आणि त्यातून कान तयार होतो. विलंबितात ते गाण्याचा गळा दाबतं.

थांबण्याचा रियाज वेगळा करावा लागतो. लहान पेडलवर लूप थांबवायला पटकन दोनदा दाबायचं असतं. त्यातला दुसरा दाब समेवर पडायला हवा, म्हणजे पहिला समेच्या जरा आधी, आणि त्याच वेळी तोंडाने तिहाई चालू. मुलांना मी तिहाई प्रथम हातावर बसवायला लावते, मग तिच्या शेवटच्या धा वर दुसरा दाब. जमलं की सगळे थर आणि गळा एकदम समेवर थांबतात, आणि वर्गातल्या सगळ्यांच्या अंगावर काटा येतो.

सध्या आमचं काम चाललं आहे ते तबल्याच्या साथीवर. माझ्याबरोबर वाजवणारे तबलजी ज्येष्ठ आहेत, त्यांना आम्ही काका म्हणतो. लूपच्या मागे धावायला त्यांनी आधी साफ नकार दिला, आणि ते रास्त होतं, कारण तबलजीने लय मागून घ्यायची नसते. आता क्रम उलटा केला आहे. काका ठेका सुरू करतात, दोन-तीन आवर्तनं लय स्थिर करतात, आणि त्यांच्या समेवर मी पेडल दाबते. लेहरा लूपमध्ये गेला की त्यांच्या शेजारच्या छोट्या मॉनिटरमधून तो त्यांना स्वच्छ ऐकू येतो, मग ते कायदे, रेले अशा तबल्याच्या रचना मोकळेपणाने वाजवतात आणि मी वर गाते. लय वाढवायची झाली की ते मान हलवतात, मी तिहाईवर लूप पुसते, ते एकटेच लय पुढे नेतात आणि नव्या लयीत नवा लूप धरला जातो. पुसणं आणि धरणं यांच्या मधली ती आवर्तनं, नुसता तबला आणि तंबोरा, अजून कच्ची आहेत. काकांचं म्हणणं, तिथे मी काहीच गाऊ नये. मला वाटतं, तिथे एक लहानसा आलाप हवा. पुढच्या बैठकीच्या आधी दोन्ही करून बघणार आहोत.